डावा हेडलाइट

वडिलांनी १९९९ साली नवी घेतलेली गाडी आता मी चालवतो. गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून माणगावकडे उतरत असताना तिचा डावा हेडलाइट एकदम मंदावला, चाक खड्ड्यात आदळताच पूर्ववत झाला आणि पुढच्या वळणावर पुन्हा गेला. धुक्यात रस्त्याची डावी कड दिसेनाशी होणे हे भीतीदायक असतेच. शिवाय एकाच दिव्याची गाडी समोरून येणाऱ्याला मोटारसायकल वाटू शकते, ही काळजी मला त्याहून मोठी वाटली.

गॅरेजमध्ये दोनदा बल्ब बदलून झाला, पण चार-आठ दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. तेव्हा मी एका रविवारी मल्टिमीटर घेऊन स्वतःच बसलो.

आमच्या गाडीत एच-४ जातीचा बल्ब आहे. त्यात डिपरचे (जवळच्या उजेडाचे) ५५ वॉटचे आणि अप्परचे (लांबच्या उजेडाचे) ६० वॉटचे अशी दोन फिलामेंट असतात, आणि तीन पायांपैकी एक पाय दोघांचे सामाईक अर्थिंग असतो. डाव्या बाजूचे अप्पर आणि डिपर दोन्ही एकदमच मंद होत होते, उजवा दिवा मात्र ठणठणीत होता. त्यामुळे स्विचवरचा माझा संशय जवळजवळ फिटला. खरी खूण मात्र डॅशबोर्डवर होती. डिपर लावलेला असताना अप्परचा निळा दिवा अगदी मिणमिणता पेटत असे. अर्थिंग तुटले की डिपरमधून आलेला करंट सामाईक पायावरून अप्परच्या फिलामेंटमध्ये शिरतो, उलट वाटेने अप्परच्या वायरीत जातो आणि उजव्या दिव्यातून व निळ्या दिव्यातून जमिनीची वाट शोधतो. हे लक्षात आले तेव्हा बल्बवर केलेला खर्च वाया गेल्याचे वाईट वाटले.

होल्डर काढून मोजले तर १२.४ व्होल्ट मिळाले. इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण भार नसताना गंजलेला सांधासुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो. म्हणून होल्डर बल्बला जोडून, दिवा लावून, मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल तार होल्डरच्या अर्थिंगच्या पायावर मागून टेकवली. हा आकडा म्हणजे अर्थिंगच्या वाटेत वाया जाणारे व्होल्टेज; ०.१ च्या आसपास अपेक्षित असलेला तो १.९ आला, आणि वायरीचा जुडगा हलवताच चारच्या वर उडाला. पॉझिटिव्ह बाजूला ०.३ व्होल्ट पडत होते, म्हणजे १२.१ पैकी बल्बला जेमतेम ९.९ मिळत होते. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने घटतो, म्हणून एवढ्याशा घटीतसुद्धा उजेड निम्म्यावर आला होता.

अर्थिंगची वायर बॅटरीच्या ट्रेखाली, बॉडीला बोल्टने आवळलेली सापडली. आधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवले आणि मग बोल्ट काढला, तेव्हा थिंबलच्या, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कड्याच्या, खाली चक्क रंगाचा थर दिसला. मागे डेंटिंग-पेंटिंग झाले होते, त्या वेळी पत्रा न खरवडताच थिंबल रंगावर बसवले गेले असावे. तेव्हापासून सगळा करंट केवळ बोल्टच्या आट्यांतून जात होता, आणि ते आटे बॅटरीच्या वाफेने व पावसाच्या पाण्याने गंजले होते. थिंबलवर हिरवट-पांढरी भुकटी होती आणि वायरीचे इन्सुलेशन इंचभर सोलल्यावरही आतली तांब्याची तार काळीच निघाली. चमकदार तांबे लागेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन इंच, वायर कापावी लागली. तेवढाच नवा तुकडा जोडला, नवे थिंबल क्रिंप केले, म्हणजे दाबून घट्ट बसवले (डाग दिलेली तार हादऱ्यांनी कडेला तुटते, म्हणून सोल्डर टाळले), पॉलिश पेपरने पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि सगळ्यात शेवटी वरून ग्रीस लावले.

दिवा लावून पुन्हा मोजले तेव्हा ०.०५ व्होल्ट आले आणि वायर कितीही हलवली तरी आकडा जागचा हलला नाही. निळा दिवाही विझला. आता उरले आहेत ते पॉझिटिव्हकडचे ०.३ व्होल्ट: आमच्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो, त्या संपर्कांना आराम मिळावा म्हणून दिवाळीपूर्वी रिले (स्विचच्या छोट्या करंटवर चालून दिव्याचा मोठा करंट स्वतः जोडणारा विजेचा स्विच) बसवायचा आहे.