तुम्ही विचारलंत म्हणून: खांद्यावरची रंगीत पट्टी

पाऊस सरला की गोव्यात गावोगावी व्हॉलीबॉलच्या स्पर्धा सुरू होतात आणि माझ्या फोंड्याच्या क्लिनिकात दुखरे खांदे यायला लागतात. "डॉक्टर, परवा मॅच आहे, तेवढी पट्टी मारा. बरा होईल ना खांदा?"

पट्टीने नाही होणार. तरी मी ती लावते.

ही कायनेसिओ टेप म्हणजे ताणलं जाणारं सुती कापड आणि मागे ॲक्रिलिकचा गोंद. औषध त्यात नसतं. निळी-गुलाबी असा फरकही नाही. जपानच्या केंझो कासे यांनी ती १९७०च्या दशकात काढली. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्श हिच्या खांद्यावर दिसली आणि मग सगळ्यांनाच हवी झाली.

खांद्याची वाटी उथळ असते. तिच्यातला दंडाच्या हाडाचा गोळा जागेवर ठेवायचं बरंचसं काम चार छोटे स्नायू करतात. ते थकले, फऱ्याचं हाड पुढे झुकलं, की स्मॅशसाठी हात वर नेताना दुखतं. एवढीशी पट्टी तो गोळा धरून ठेवणार नाही. ती त्वचेला हलकी ओढ देते. दुखणं थोडं कमी जाणवतं, खेळाडूला पाठ सरळ ठेवायची आठवण राहते. २००८ सालीच प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत खांदेदुखीच्या विद्यार्थ्यांचा हात टेप लावल्याबरोबर न दुखता जास्त वर गेला, पण काही दिवसांनी खोटी, म्हणजे न ताणता नुसतीच चिकटवलेली टेप लावलेलेही त्यांच्याच बरोबरीला होते.

म्हणून मी पट्टी लावते ती मॅचसाठी नाही, त्या चार स्नायूंच्या रबरी बँडच्या व्यायामासाठी. दुखणं जरा दबलेलं असतानाच तो नीट होतो. (हे ऐकून निम्मे जण हिरमुसतात.) खांदा निखळला असेल, रात्री दुखून झोपमोड होत असेल किंवा हात उचलतच नसेल, तर आधी तपासणी. त्यावर पट्टी मारून खेळायला मी सोडत नाही.

आपल्या दमट हवेत ती टिकत नाही, ही तक्रार खरी आहे. अंगाला खोबरेल लावून आलात तर मुळीच नाही. त्वचा कोरडी हवी, पट्टीचे कोपरे गोल कापलेले, दोन्ही टोकं न ताणता चिकटवलेली. वरून हाताने चोळा, गोंद उबेने धरतो. व्यायामाच्या अर्धा तास आधी लावा. तीन ते पाच दिवस चालते. खाज आली तर त्याच क्षणी काढा. काढताना मात्र खोबरेल हवंच.