बीपीचं कारण लघवीत सापडलं

चौतिसाव्या वर्षी माझं बीपी १८०/११० व्हायचं आणि तासाभरात पुन्हा १३०/८० वर यायचं. मधल्या वेळात डोकं ठणकायचं, छाती धडधडायची, ब्लाउज घामाने चिंब. "टेन्शन घेऊ नका," हेच उत्तर कितीतरी महिने मिळालं. शेवटी एका फिजिशियन मॅडमनी विचारलं, "हे तिन्ही त्रास एकदमच होतात का?" मी हो म्हटल्यावर त्यांनी चोवीस तासांच्या लघवीतली मेटानेफ्रिन्स नावाची द्रव्यं तपासायला सांगितली.

मूत्रपिंडाच्या वर अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते. तिच्यात क्वचित फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ होते. ही गाठ अ‍ॅड्रिनलिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन ही बीपी वाढवणारी हार्मोन्स सोडते, तेही अनेकदा अधूनमधून. पण त्यांच्यापासून मेटानेफ्रिन्स गाठीतच सतत बनत राहतात आणि लघवीतून बाहेर पडतात. म्हणून तपासणीच्या दिवशी झटका आला नाही तरी चालतं.

लॅबने मोठा कॅन दिला, तळाशी अ‍ॅसिड घातलेलं. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ कॅनवर लिहायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची धरून, कॅनमध्ये. अ‍ॅसिड अंगावर उडू नये म्हणून मगात धरून बेताने ओतायची. झाकण उघडलं की वास नाकाला झोंबायचा. शौचाला जाण्याआधी लघवी वेगळी धरायची, हे मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं. एक वेळ जरी निसटली तरी आकडा कमी येतो. नमुना पुरा आहे का, याचा अंदाज लघवीतून रोज बाहेर पडणाऱ्या क्रिएटिनिन या द्रव्यावरून घेतात. मी रविवार निवडला. सासूबाईंनी बाथरूमचा कोपरा मोकळा करून दिला आणि येणाऱ्या पाहुण्यांना परस्पर पुढचा रविवार सांगितला. केवढा आधार वाटला!

सर्दीच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी आकडे फुगतात. त्यामुळे माझ्या सगळ्या औषधांची यादी मॅडमनी आधीच तपासली होती. काय थांबवायचं ते डॉक्टरांनीच ठरवावं, आपल्या मनाने नाही.

मेटानेफ्रिन्सपैकी नॉरमेटानेफ्रिन कमाल मर्यादेच्या कितीतरी पट निघालं. सीटी स्कॅनमध्ये उजवीकडे गाठ दिसली. ऑपरेशनआधी प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारं बीपीचं औषध), भरपूर पाणी आणि चक्क जास्त मीठ! धडधड कमी करणारं बीटा ब्लॉकर औषध मात्र प्राझोसिननंतरच. आधी दिलं तर बीपी भडकू शकतं.

गाठ दुर्बिणीने काढली. काही आठवड्यांनी पुन्हा कॅन भरून दिला, आकडे नॉर्मल आले. हा आजार काही घराण्यांत चालत येतो, म्हणून माझी जनुकीय तपासणी सांगितली आहे. तिच्यात काही निघालं, तर दादाचीही करायची.