कड उघडी पडली

रात्रीचे साडेदहा. दोनदा हात धुतले तरी बोटांना लॅकरचा वास आहेच.

गिटारची बॉडी चार आठवडे टांगून ठेवली होती. नायट्रोसेल्युलोज लॅकर (लाकडावर चढवायचं वार्निशसारखं लेपन) तासाभरात हाताला कोरडं लागतं, पण आतलं थिनर उडायला आठवडे जातात. म्हणून रोज काठाला नाक लावून बघायचे. परवा वास आला नाही. आज सकाळी ८०० नंबरचा वॉटर पेपर भिजवला, स्क्रूच्या भोकांत मेण भरलं (तिथून पाणी आत शिरलं की लाकूड फुगतं नि लॅकर तडकतं) आणि घासायला बसले.

सपाट भाग फार सुरेख झाला. संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे हळूहळू मिटत गेले, वर दुधासारखं पांढरं पाणी. मग वाजवताना कोपर जिथे टेकतो, त्या उताराकडे वळले. तिथे पेपर गुंडाळायचा सपाट ठोकळा बसत नाही, म्हणून नुसत्या बोटांनी पेपर धरला. चार-पाच हात फिरवले असतील, पांढऱ्या पाण्यात तांबूस छटा दिसली. तो डाय होता, लॅकरखाली लाकडाला दिलेला रंग. पुसून पाहिलं, तर कडेवर तांदळाच्या दाण्याएवढं कोरं लाकूड.

पोटात खड्डा पडला. अ‍ॅश झाडाच्या लाकडाची छिद्रं म्हणजे लांबट चरच. ती बुजवायला फिलरचे दोन हात, शिरांना आडवे पुसत, मग लाकूड बंद करणारा सीलर, मग लॅकरचे बारा हात, एवढं करून झालं होतं. कडेवर थर मुळातच पातळ बसतो, हे मला ठाऊक होतं. तरी बोटं दाबली.

मित्र म्हणाला, राहू दे, जुन्या गिटारी अशाच दिसतात. मला ते पटत नाही. जुन्या गिटारची कड वाजवणाऱ्याच्या हाताखाली वर्षानुवर्षं झिजलेली असते. माझ्या गिटारवरही तशी झीज यावी, वाजवून वाजवून यावी. आज ती अजून एकदाही वाजलेली नाही.

नायट्रोचा एक गुण मात्र मला मनापासून आवडतो. नवा हात खालच्या थराला विरघळवून त्याच्यात मिसळून जातो. पॉलियुरेथेन असतं तर दुरुस्तीभोवती रेघ उमटली असती. दुपारी बारीक ब्रशने डाय लावला, उजेडात धरून रंग जुळवला, संध्याकाळपर्यंत लॅकरचे तीन थेंब, मध्ये दोन-दोन तास सोडून. डाग आता बोटाला लागत नाही, डोळ्यांना थोडा दिसतो. उद्या अजून दोन थेंब.

सगळ्या कडांना चिकटपट्टी लावून ठेवायची, मगच पुन्हा ८००. तोवर परत खिळ्याला.