उचकीची गोळी

मे महिन्यात सोलापुरात अर्धवट शुद्धीतला म्हातारा माणूस दवाखान्यात आणला, की बरोबरचे लोक आधी ‘ऊन लागलं’ असंच सांगतात. अशोक चौकाकडून आलेल्या या काकांच्या बाबतीतही तेच झालं. उभी हयात यंत्रमागावर गेलेली, आता आठवड्यातून तीनदा आमच्याकडे डायलिसिस. सुई टोचतानाही सिस्टरशी गप्पा मारणारा माणूस. त्या दुपारी मात्र हाक मारली की डोळे किलकिले करायचे, तेलुगूत दोन शब्द पुटपुटायचे आणि पुन्हा घोरायला लागायचे.

अंगात ताप नव्हता. साखर ठीक, रक्तदाब ठीक. चारही हातपाय सारखेच हलत होते, सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. परवाच पूर्ण चार तासांचं डायलिसिस झालेलं, त्यामुळे युरिया वाढून गुंगी आली म्हणावं तर रिपोर्ट तसं सांगेना. मी त्यांचा हात उचलून सोडला, तर तो ओल्या टॉवेलसारखा गादीवर पडला. गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय जेमतेम हलला. आणि मधूनच खांदा, बोटं झटक्यानं उडत होती. इतकं सैल अंग आणि त्यात हे झटके, हे मला स्वस्थ बसू देईना.

मुलगा हळूच म्हणाला, “मॅडम, किडनीवाल्यांचं शेवटी असंच होतंय म्हणतात की.” त्यानं मनाची तयारी केलेली दिसत होती.

नवीन काही औषध सुरू केलंय का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ‘नाही’. तिसऱ्यांदा सून बोलली, “मामांना उचकी लागली होती ना, थांबेचना. त्याची गोळी दिलीय तेवढी.” उचकीच तर आहे, म्हणून घराजवळच दाखवलं होतं आणि डायलिसिसची फाइल कुणी नेलीच नव्हती.

तिनं पिशवी टेबलावर रिकामी केली. ओळखीच्या सगळ्या पट्ट्यांमध्ये कात्रीनं कापलेला एक तुकडा निघाला. दोन गोळ्या शिल्लक, पाच घेऊन झालेल्या. नाव कापलं गेलेलं, फॉइलवर उरलेलं फक्त ‘...फेन’ आणि पुढे ‘10 मिग्रॅ’. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक म्हणावं तर ते 200 किंवा 400 चं असतं. उचकीसाठी दिलेली, 10 मिलिग्रॅमची गोळी म्हणजे बॅक्लोफेन. मुलाला दुकानात फोन करायला लावला, तिकडूनही तेच नाव आलं.

बॅक्लोफेन हे मुळात स्नायू सैल करणारं औषध. मणक्याच्या दुखापतीनंतर किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारात हातपाय ताठरतात, त्यासाठी ते वापरतात, आणि हट्टी उचकीवरही देतात. म्हणजे देणाऱ्यानं भलतंच काही दिलं नव्हतं. पण या औषधाचा सुमारे 70 ते 80 टक्के भाग जसाच्या तसा लघवीवाटे बाहेर जातो, आणि काकांना लघवी जवळजवळ होतच नव्हती. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीवर साठत गेली आणि मेंदूपर्यंत पोचली. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये किडनीचा आजार असलेल्या वृद्धांवर झालेला, 2019 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो: दिवसाला 20 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त बॅक्लोफेन घेणाऱ्यांना गोंधळलेल्या अवस्थेत दवाखान्यात आणावं लागण्याचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. काकांचा डोस 30 चा होता.

आमच्या नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीतज्ज्ञ सरांना फोन केला. ते म्हणाले, “लगेच मशीनवर घ्या.” बॅक्लोफेनचा रेणू लहान, रक्तातल्या प्रथिनांना फारसा चिकटत नाही, म्हणून डायलिसिसमध्ये तो धुऊन निघतो. चौथ्या तासाला काकांनी मुलाकडे बघून पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा डायलिसिस केलं आणि संध्याकाळी ते सिस्टरशी बोलायला लागले.

त्यानंतर बाहेर बसणारे नातेवाईक मला विचारू लागले, मग कंबर धरली तर कोणती गोळी चालेल? या शहरात हा प्रश्न घरोघरी आहे. मागावर तासन्‌तास उभं राहायचं, नाहीतर मांडी घालून विड्या वळायच्या. ‘नस मोकळी करणारी’ म्हणून जी गोळी मिळते ती एकच नसते, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगते. क्लोरझोक्साझोन यकृताला त्रास देऊ शकतं, आणि त्याच गोळीत बहुधा डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक मिसळलेलं असतं, ते आजारी किडनीला आणखी मारतं. टिझानिडिननं झोप येते, रक्तदाब उतरतो. त्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घेतलं तर टिझानिडिनचं रक्तातलं प्रमाण सरासरी दहापट वाढतं, म्हणून ही जोडी वर्ज्यच. थायोकोल्चिकोसाइडबद्दल युरोपातल्या औषध यंत्रणेनं 2013 मध्ये बजावलं, की तोंडावाटे सात दिवसांपेक्षा जास्त नको, 16 वर्षांखाली नको, गरोदरपणात तर नकोच. विडी वळणाऱ्या तरुण मुलींच्या हातात मी ती पट्टी पाहते, तेव्हा गरोदर राहण्याची शक्यता आहे का, हे कुणी विचारलं होतं का, असा प्रश्न पडतोच.

एक गोष्ट मात्र मी ठासून सांगते. ताठरपणासाठी जे महिनोन्‌महिने बॅक्लोफेन घेत आहेत, त्यांनी हे वाचून गोळी एकदम बंद करू नये. अचानक सोडल्यानं भास होतात, फिट्स येतात. डॉक्टरांना विचारून हळूहळूच कमी करायची.

काकांना घरी सोडताना फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं ‘बॅक्लोफेन देऊ नये’ असं लिहिलं. मुलगा थांबला आणि म्हणाला, “मॅडम, गोळ्या आई देती. तिला तेलुगूच वाचता येतंय.” शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागातल्या आमच्या सिस्टरनं त्याखाली तेच तेलुगूत लिहून दिलं.