तुम्ही विचारलंत म्हणून : २१ दिवस गोळी, मग ७ दिवस बंद का?

स्तनाच्या कर्करोगावर पाल्बोसिक्लिब ही गोळी सुरू झाली की घरचे हमखास विचारतात : त्या बंदच्या सात दिवसांत गाठ वाढणार नाही का?

भीती रास्त आहे. उत्तर शोधायला पेशीच्या आत जावं लागतं. एका पेशीच्या दोन होण्याआधी डीएनए दुप्पट व्हावा लागतो, आणि त्या वाटेवर आरबी नावाचं प्रथिन अडसरासारखं बसलेलं असतं. ई२एफ या प्रथिनाला ते धरून ठेवतं. ई२एफ सुटलं की डीएनए बनवणारी जनुकं चालू होतात. अडसर काढतात सीडीके४ आणि सीडीके६ ही एन्झाइम्स, आरबीला फॉस्फेट चिकटवून. त्यासाठी त्यांना सायक्लिन डीची जोड लागते.

निरोगी स्तनात ही जोड बेतानं मिळते, शिवाय पी१६ हे प्रथिन सीडीकेंना आवर घालतं. हार्मोन-पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या जोरावर वाढणाऱ्या, गाठीत मात्र इस्ट्रोजेन सायक्लिन डी१ बनवायला लावत राहतं. काही गाठींत तर ११व्या गुणसूत्रावरच्या सायक्लिन डी१च्या जनुकाच्या जादा प्रतीच झालेल्या असतात. आरबी शाबूत असतं, पण त्याला बसूच दिलं जात नाही. सोबत दिली जाणारी दुसरी गोळी, लेट्रोझोल, इस्ट्रोजेन कमी करते आणि पाल्बोसिक्लिब सीडीके अडवतं, म्हणजे दोन्ही औषधं एकाच वाटेवर काम करतात. लेट्रोझोलला सुटी नसते. सात दिवस दोन्ही गोळ्या बंद ठेवणारे रुग्ण असतात, आणि खरं नुकसान तिथे होतं.

मग पाल्बोसिक्लिबला सुटी का? अस्थिमज्जेसाठी. पांढऱ्या पेशी तयार करणाऱ्या पेशीही सीडीके६वर अवलंबून असतात. औषधानं त्या मरत नाहीत, थांबतात. म्हणूनच आठवडाभरात बहुधा सावरतात. आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ एकट्या लेट्रोझोलवर १४.५ महिने होता, पाल्बोसिक्लिब जोडल्यावर तो २४.८ महिन्यांवर गेला, तो याच २१-७ च्या वेळापत्रकावर.

२१ अधिक ७ दिवस मिळून एक चक्र. पहिल्या दोन चक्रांत १ल्या आणि १५व्या दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी तपासणी, हवीच. चक्राच्या पहिल्या दिवशी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, १०००च्या खाली असतील तर गोळी सुरू करायची नाही, आकडा वर येईपर्यंत थांबायचं. वारंवार घसरण झाली तर डॉक्टर १२५ मिलिग्रॅमवरून १०० आणि मग ७५ वर आणतात. ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच रुग्णालय गाठा. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घेऊ नका. ग्रेपफ्रूट टाळा, त्यानं रक्तातलं औषध वाढतं.

शेजारच्या बाई रोज गोळी घेतात, खंड नाही, असंही कानावर येतं. ते बहुधा अबेमासिक्लिब, याच गटातलं दुसरं औषध, असतं. त्याचा रोख सीडीके४वर अधिक, त्यामुळे मज्जेला झळ कमी लागते. पण जुलाब जास्त होतात. पहिला पातळ जुलाब होताच लोपेरामाइड हे जुलाब थांबवणारं औषध घ्यायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

आणि आरबीच नाहीसं झालेलं असेल तर अडवायला काही उरत नाही. कित्येक ट्रिपल-निगेटिव्ह (हार्मोनचे आणि हर२चे रिसेप्टर नसलेल्या) गाठींत तसंच असतं, आणि उपचार चालू असताना काही हार्मोन-पॉझिटिव्ह गाठीही तिथे पोचतात. काही गाठी सायक्लिन ई आणि सीडीके२ची दुसरी वाट काढतात. तेव्हा पाल्बोसिक्लिबचा डोस वाढवून उपयोग होत नाही, औषध बदलावं लागतं.