लॉन काढण्याआधी खड्डा खणा

नागपुरात लॉनच्या जागी देशी झाडं निवडायची म्हटलं की सगळे आधी ४५ डिग्रीचा विचार करतात. पण ऊन सोसणारी झाडं आपल्याकडे ढिगाने आहेत, आणि त्यांतली बरीचशी दगावतात ती ऑगस्टमध्ये. काळी माती पाण्याने फुगली की तिच्यात हवा उरत नाही, मुळं कुजतात. मे महिन्यात तीच माती भेगाळते आणि उरलीसुरली मुळं तोडते. दोन्ही सोसणारं झाड हवं, आणि ते कुठलं हे यादी नाही, तुमची जागा सांगते.

म्हणून एक फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि मोजा. तासाला इंचभर पाणी उतरलं तर निचरा ठीक. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल, तर ती जागा पाणथळ धरा. मात्र हे उन्हाळ्यात करू नका; पाणी भेगांतून पळून जातं आणि निचरा फार छान असल्यासारखं वाटतं. लॉन काढण्याच्या आधीच्या पावसाळ्यात, दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर, वाफशावर (माती ओलसर, पण चिखल नाही) करा. खड्डे किमान दोन ठिकाणी हवेत, कारण घराच्या पायाभोवती बहुधा भरावाचा मुरूम आणि मलबा असतो आणि कंपाउंडकडे मूळची काळी माती.

काळी माती आणि दिवसभर ऊन असेल तर मारवेल गवत. दीड-दीड फुटावर ठोंब लावायचे, चौरस मीटरला पाचेक पुरतात. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात वाळा (कूलरच्या ताट्यांचा, तोच) आणि त्याच्या पुढे जमिनीलगत पसरणारी जलपिंपळी. तिच्यावर अधूनमधून पाय पडला तरी चालतो. मुरमावर तरवड, धायटी, खाली विष्णुक्रांता. धायटी देशी आहे म्हणून काळ्या मातीच्या खोलगट भागात लावाल, तर पहिल्याच पावसाळ्यात जाईल. ती टेकडीची, उताराची. तिच्यासाठी मातीत वाळू मिसळण्याच्या फंदात पडू नका. थोड्या वाळूने चिकण माती सुटी होत नाही. लावायचीच असेल तर फूटभर उंच वाफा करा.

सावलीत अडुळसा आणि चित्रक. चित्रकाच्या मुळाच्या रसाने कातडीला फोड येतात, हातमोजे घाला. घराच्या उत्तरेची बाजू मात्र सावलीची समजू नका. नागपुरात मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणजे डिसेंबरात गार असलेली ती पट्टी ऐन उन्हाळ्यात भाजते.

कुसळी गवत दिसायला देखणं, पण वाटेच्या कडेला नको. त्याची कुसळं पायमोज्यांत आणि कुत्र्याच्या कातडीत शिरतात. आणि 'ग्राउंड कव्हर' म्हणून पिवळ्या फुलांची वेडेलिया मिळते, ती घेऊ नका. ती मूळची अमेरिकेची आणि एकदा पसरली की बाकी सगळं गिळते.

लॉन काढायला एप्रिल-मे हाच काळ. जमीन चांगली भिजवून पारदर्शक प्लॅस्टिक अंथरा, कडा मातीने दाबा, पाच-सहा आठवडे ठेवा. काळं प्लॅस्टिक यात तितकं तापवत नाही. वरची मुळं आणि बी जातं. खोलवरची हरळी आणि लव्हाळ्याच्या गाठी मात्र वाचतात, त्या पहिल्या पावसानंतर खुरप्याने काढाव्याच लागतात. हे टाळलं तर दिवाळीपर्यंत हरळी मारवेलला झाकून टाकते.

लावणी जूनअखेर, वाफसा आल्यावर. ओल्या काळ्या मातीत चालत राहिलं की ती दाबली जाते आणि मग खड्ड्याची सगळी चाचणी वाया. पहिल्या वर्षी ऑक्टोबरपासून काळ्या मातीत आठ-दहा दिवसांनी भरपूर पाणी द्या, मुरमावर चार-पाच दिवसांनी. रोज शिंपडल्याने मुळं वरच राहतात.

डिसेंबरात बी झडलं की मारवेल चार इंचांवर कापा. वाळलेलं उभं गवत उन्हाळ्यात एका विडीच्या थोटकानेही पेटतं. कापलेलं गवत भिंतीपासून दूर, झाडांच्या बुंध्यापासून वीतभर सोडून आच्छादन म्हणून पसरा.