उसाच्या ट्रॉल्या, बाभळीचे काटे आणि लांबच्या प्रवासाची मोटारसायकल

लांब पल्ल्याच्या मोटारसायकलीविषयी जे लेखन वाचायला मिळते, त्यातील बहुतेक लेखन हिमालयातील खिंडी, बर्फ आणि खडकाळ नदीपात्रे डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते. ते चुकीचे नाही. मात्र माझी गाडी वर्षातील बहुतेक काळ लातूर, नांदेड, परभणी, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांतच धावते, आणि येथील माती, ऊन, काटे व रात्रीची वाहतूक यांचे प्रश्न वेगळे आहेत. या प्रश्नांना धरून गाडीची निगा कशी ठेवावी, तिच्यात कोणते बदल करावेत आणि कोणते टाळावेत, याविषयी मला जे उमगले ते येथे मांडतो.

माझी गाडी २०१८ ची रॉयल एनफिल्ड हिमालयन आहे. ४११ सीसीचे एका सिलिंडरचे इंजिन, १५ लिटरची टाकी, पुढचे चाक २१ इंची आणि मागचे १७ इंची. दोन्ही चाके तारांची असल्यामुळे टायरमध्ये ट्यूब आहे, आणि आमच्या भागात सर्वांत आधी विचार करावा लागतो तो या ट्यूबचाच.

कंधारचा किल्ला पाहून लोह्याकडे परतताना एकदा मी सावली पाहून गाडी रस्त्याकडेच्या बाभळीखाली उभी केली. अर्ध्या तासाने निघालो, तेव्हा मागचे चाक बसलेले होते. जवळच्या दुकानात पंक्चर काढून घेतले. पण दहा-बारा किलोमीटर जातो न जातो तोच चाक पुन्हा बसले. दुसऱ्या दुकानातील वयस्कर चाचांनी ट्यूब बाहेर काढली, पण पाण्याच्या घमेल्याकडे न वळता आधी एक जुने सुती फडके टायरच्या आतून गोल फिरवले. एका जागी फडके अडकले. तेथे काट्याचे मोडलेले टोक रबरात रुतून बसले होते. बाहेरून ते दिसत नव्हते आणि बोटालाही नीट लागत नव्हते. ‘‘साहेब, भोक ट्यूबला पडतं, पण काटा टायरात राहतो,’’ असे ते म्हणाले. बाभळीचा काटा सुकल्यावर अतिशय टणक होतो, टायर भेदून आत गेल्यावर त्याचे मूळ बाहेर तुटून पडते आणि टोक आत राहते. तेव्हापासून पंक्चर कोणीही काढो, फडके मी स्वतः फिरवतो. आता माझ्या पिशवीत टायर उघडायच्या दोन टॉमी, पॅच, सोल्युशन, हाताने मारायचा छोटा पंप आणि एक २१ इंची ट्यूब कायम असते. पुढच्या चाकाच्या मापाची ट्यूब तालुक्याच्या गावीही सहज मिळत नाही, आणि अगदीच अडचण आली तर हीच ट्यूब मागच्या टायरमध्ये घडी न पडू देता बसवून सावकाश पुढच्या गावापर्यंत जाता येते. उलट मागची छोटी ट्यूब पुढच्या चाकात ताणून बसवणे धोक्याचे असते. बाभळीची सावली कितीही दाट असली, तरी गाडी तेथे उभी करू नये.

दुसरा प्रश्न काळ्या मातीचा. पावसाळ्यात पाणंद रस्त्याने पन्नास पावलेही गेले, तरी ही चिकणमाती टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत थरावर थर चढत जाते आणि अखेर चाक फिरेनासे होते. माझ्या गाडीचे पुढचे वरचे मडगार्ड चाकापासून बरेच उंच आहे, ही या बाबतीत मोठी सोय आहे; ज्यांच्या गाडीचे मडगार्ड चाकाला लगटून असते, त्यांनी मृगाच्या पावसानंतर डांबरी रस्ता सोडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साइड स्टँडचे बोट ओल्या मातीत रुतते आणि दोनशे किलोच्या आसपासची गाडी सामानासह आडवी होते. हा अनुभव मी एकदा घेतला आणि त्यानंतर गावातील वेल्डिंगवाल्याकडून स्टँडच्या तळाशी हाताच्या तळव्याएवढी लोखंडी पट्टी बसवून घेतली. माझ्या गाडीवर केलेल्या सर्व बदलांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल ठरला, कारण उन्हाळ्यात मऊ पडलेल्या डांबरावरही तो तितकाच कामी येतो.

हीच माती सुकली की इंजिनासमोरच्या ऑइल कूलरच्या पातळ पत्र्यांमध्ये विटेसारखी घट्ट बसते. तेथून हवा जाईनाशी झाली की तेल थंड होत नाही आणि एप्रिलच्या उन्हात इंजिन लवकर तापते. माती काढण्यासाठी सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याचा मोह टाळावा. त्याने पत्रे वाकतात आणि चाकांच्या बेअरिंगमध्ये, तसेच हँडल ज्यावर फिरते त्या कोन सेटमध्ये पाणी शिरून ग्रीस निघून जाते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर साध्या पाइपने माती भिजवावी आणि मऊ ब्रशने ती हळूहळू काढावी. यात वेळ जातो, पण या धुण्यातच सैल झालेला नट, चिरलेला रबरी पाइप किंवा तुटलेली तार नजरेस पडते. मी चाकाच्या तारा पेन्सिलीने हलकेच वाजवून पाहतो. ताणलेली तार खणखणीत वाजते, सैल तारेचा आवाज बसका येतो.

चेनविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण माझी सर्वांत महागडी चूक तेथेच झाली. माझ्या गाडीच्या चेनमध्ये प्रत्येक जोडाशी रबराची बारीक रिंग असते, आणि आतले ग्रीस ती रिंगच धरून ठेवते. पेट्रोलने किंवा तारेच्या ब्रशने चेन घासली की ही रबरे खराब होतात; रॉकेल किंवा चेनसाठी मिळणारे क्लीनर आणि मऊ ब्रश एवढेच पुरे. दर पाचशे किलोमीटरला, आणि पावसात किंवा धुळीत गाडी चालली असेल तर त्याआधीही, मी गाडी डबल स्टँडवर लावून इंजिन बंद ठेवतो, मागचे चाक हाताने फिरवत चेन साफ करतो आणि प्रवासाच्या आदल्या रात्री गिअर ऑइलचा पातळ हात देतो, म्हणजे सकाळपर्यंत ते जोडांत मुरते. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेनला फडके लावणारे लोक मी पाहिले आहेत. फडक्यासोबत बोट स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रात, ओढले जाण्यास क्षणही लागत नाही, म्हणून हे कोणीही, कधीही करू नये.

चूक झाली ती चेनच्या सैलपणाची. पहिल्या मोठ्या प्रवासाआधी चेनचा आवाज येऊ नये म्हणून मी ती चांगली ताणून घेतली आणि वर दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा व मागे सहप्रवासी घेतला. मागचे चाक खड्ड्यात वर-खाली होते तेव्हा पुढचे स्प्रॉकेट आणि मागचा आस यांमधील अंतर बदलत असते. गाडी भाराने खाली दबते तसे ते अंतर वाढते आणि चेन आणखी ताणली जाते. रिकाम्या गाडीवर जी चेन ‘व्यवस्थित’ वाटते, ती भरलेल्या गाडीवर तारेसारखी ताठ होते, आणि तो सारा ताण पुढच्या स्प्रॉकेटच्या दांड्याच्या बेअरिंगवर येतो. माझे ते बेअरिंग गेले, आणि त्यासाठी इंजिन खोलावे लागले. आता मी चाक फिरवून चेन जिथे सर्वांत घट्ट लागते तिथे सैलपणा मोजतो, आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापात तो जास्तीकडे झुकता ठेवतो. सामान चढवल्यावर मागच्या शॉकअपचा प्रिलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा दाब, वाढवतो आणि टायरची हवा सहप्रवाशासह चालवण्यासाठी सांगितलेल्या आकड्यावर नेतो, तीही सकाळी टायर थंड असतानाच.

आता बदलांविषयी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, कर्कश सायलेन्सर बसवून पहाटे कोणाच्या गावातून जाणे मला पटत नाही. कोणताही बदल मूळ तार न कापता आणि मूळ भोकांवरच नटबोल्टने बसणारा असावा, म्हणजे तो पुन्हा काढता येतो. माझ्या गाडीवर लेग गार्ड, इंजिनाखालचा जाड पत्रा, बाजूच्या बॅगांसाठी कॅरियर आणि दोन जादा एलईडी दिवे एवढेच आहे. मागे उंच पेटी लावून मी एक हंगाम चालवून पाहिले आणि ती काढून टाकली. मागच्या आसाच्याही मागे आणि उंचावर वजन गेले की पुढचे चाक हलके होते आणि वाऱ्यात हँडल थरथरते. जड वस्तू, म्हणजे हत्यारे, ट्यूब आणि पाणी, बाजूच्या बॅगांत तळाशी, तेही दोन्हीकडे सारख्या वजनाने भरावे.

जादा दिवे लावताना बॅटरीपासून स्वतंत्र वायर, बॅटरीलगत फ्यूज आणि मध्ये रिले, म्हणजे जास्त प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, हवाच. वीस वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर साधारण साडेतीन अँपिअर घेतात. मूळ हेडलाइटच्या वायरला सोलून तेथे हे दिवे जोडले तर वायर तापते आणि एखाद्या रात्री हेडलाइटही जातो. दिव्यांचे तोंड रस्त्याकडे झुकलेले असावे आणि समोरून वाहन येताच ते बंद करता यावेत म्हणून बटण अंगठ्याजवळ असावे. दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत प्रकाश मारला तर तो आंधळा होऊन आपल्यावरच येतो.

मात्र दिवे कितीही चांगले असोत, मराठवाड्यात उसाच्या गळीत हंगामात रात्री मोटारसायकल चालवू नये, या मतापर्यंत मी आलो आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आमच्या रस्त्यांवर एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि त्यांच्या सोबतीने बैलगाड्या, कारखान्याकडे निघालेल्या असतात. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, असला तरी बाहेर लोंबणाऱ्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पाल्याने, तो झाकलेला असतो, आणि उसाची टोके ट्रॉलीच्या पत्र्याच्या बरीच बाहेर आलेली असतात. चाकूरच्या पुढे एका जानेवारीत, समोरच्या ट्रकचा प्रकाश डोळ्यांवर असताना, असा एक ढीग मला अगदी जवळ आल्यावर दिसला. मी डाव्या बाजूच्या कच्च्या पट्टीवर उतरून थांबलो, आणि हेल्मेटच्या काचेवरून उसाची पाने घासून गेली.

त्या रात्री मुक्कामी मी हिशेब मांडला. डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेल्या झोतात, हेडलाइटचा उपयोगी प्रकाश साधारण ४० ते ५० मीटर पडतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. धोका दिसून हात-पाय हलेपर्यंत एक सेकंद जातो, आणि चांगल्या कोरड्या डांबरावर पुढचे अंतर सुमारे ३८ मीटर लागते. म्हणजे थांबायला एकूण ६० मीटर हवेत, आणि दिसते त्याहून कमी. ताशी ६० वर हाच आकडा ३८ मीटरच्या आसपास येतो, पण तोही थकवा नसेल, ब्रेक उत्तम असतील आणि रस्त्यावर काही सांडलेले नसेल तर. प्रत्यक्षात रस्त्यावर उसाची कांडी पडलेली असतात, जी चाकाखाली रुळासारखी घरंगळतात. सुगीच्या दिवसांत तर सोयाबीनचे दाणे निम्म्या रस्त्यावर वाळत घातलेले असतात. त्यावर पुढचा ब्रेक दाबला की गाडी सरळ राहत नाही. अशी पट्टी दिसली तर आधीच वेग कमी करावा, गाडी सरळ ठेवावी आणि पट्टीवर ब्रेक दाबू नये किंवा हँडल वळवू नये. शेतकऱ्यावर चिडण्याचे कारण नाही. त्याच्याकडे खळे उरलेले नाही.

ब्रेकचे तेल मी दर दोन वर्षांनी बदलतो, कारण ते हवेतील पाणी शोषून घेते आणि मग उतारावर ब्रेक तापले की लिव्हर मऊ पडतो. मांजरसुंब्याच्या किंवा कन्नडच्या घाटात गाडी उतरवायची ती खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या आधारावर.

उन्हाळ्याविषयी थोडक्यात. परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ च्या वर जातो, तेव्हा अंगावर लागणारा वारा शरीराला थंड करत नाही, तो तापवतो; म्हणून पूर्ण बाह्यांचे जाकीट आणि गळ्याभोवती ओले उपरणे ठेवावे, दर तासाला पाणी किंवा मीठ घातलेले ताक घ्यावे आणि दहा-साडेदहाला सावलीत थांबावे. टाकीही काठोकाठ भरू नये. जमिनीखालच्या टाकीतून आलेले थंड पेट्रोल उन्हात वीस अंशांनी तापले, तर पंधरा लिटरमागे पाव लिटरहून अधिक फुगते. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, पूर्ण चेहरा झाकणारे हवे, आणि एकदा जोरात आपटले की ते बदलावे, कारण आतला थर्मोकोलसारखा थर एकदाच दबण्यासाठी असतो.

या दिवाळीनंतर पुन्हा माहूरला जायचे आहे. लातूर ते नांदेड सुमारे १४० किलोमीटर, पुढे भोकर, हिमायतनगर, इस्लापूरजवळ पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, मग किनवटचे सागवान आणि माहूरचा गड. सकाळी सव्वासहाला उजाडता उजाडता निघण्याचा बेत आहे. दुपारी चार वाजेपर्यंत किनवट गाठता आले, तरच पुढे माहूरकडे निघायचे, नाहीतर किनवटलाच मुक्काम करायचा, असे मी आणि सोबतच्या मित्राने आताच ठरवले आहे, आणि घरीही तसेच सांगून ठेवले आहे.